ग्रँट लिहायला शिकवणारी वर्कशॉप: कुठलं निवडायचं आणि काय घेऊन जायचं

आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक पोस्टर येतं. ‘एकदिवसीय ग्रँट रायटिंग वर्कशॉप.’ खाली चार वक्त्यांचे फोटो, सर्टिफिकेट, मेडिकल कौन्सिलचे क्रेडिट पॉइंट, दुपारचं जेवण. अशा तीन वर्कशॉपना मी जाऊन आलो. जेवण तिन्ही ठिकाणी चांगलं होतं. ग्रँट, म्हणजे संशोधनासाठीचा निधी, मात्र एकदाही मिळाली नाही, आणि का मिळाली नाही हे कळायला चौथं वर्कशॉप लागलं. तिथे दारातच विचारलं, “ड्राफ्ट आणलाय ना?”

मी कम्युनिटी मेडिसिनचा माणूस. वैद्यकीय महाविद्यालयात नुकते असिस्टंट प्रोफेसर झालेले डॉक्टर, पीएचडी-पोस्टडॉक संपवून पहिला प्रोजेक्ट स्वतःच्या नावावर टाकू पाहणारे जीवशास्त्रज्ञ, यांच्यासाठी हे लिहितोय. आपल्याला थिसिस लिहायला शिकवतात, पेपर कसाबसा शिकवतात. पण थिसिसमध्ये झालेलं काम सांगायचं असतं, आणि प्रपोजलमध्ये न झालेल्या कामासाठी अनोळखी माणसाला पैसे सोडायला लावायचे असतात. ही दोन कामं वेगळी आहेत आणि दुसरं शिकवणारं फारसं कोणी नसतं.

आधी आपलं नेमकं दुखणं ओळखा

रिसर्च मेथडॉलॉजी (अभ्यास कसा आखायचा) आणि ग्रँट रायटिंग (त्यासाठी पैसे कसे मागायचे) यांत लोक फार गल्लत करतात. केस-कंट्रोल आणि कोहोर्ट या अभ्यासपद्धतींतला फरक अजून अडखळत सांगत असाल, तर ग्रँटच्या वर्कशॉपमध्ये तुमचा दिवस वाया जाणार. तुम्हाला आधी मेथडॉलॉजी हवी.

त्यासाठी आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, चेन्नईतल्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा ‘बेसिक कोर्स इन बायोमेडिकल रिसर्च’ आहे. पीजी विद्यार्थ्यांना आणि मेडिकल कॉलेजच्या शिक्षकांना तो सक्तीचा केल्यामुळे त्याची बदनामी झाली आहे. प्रमोशनसाठी लागतो म्हणून व्हिडिओ दीडपट वेगाने पळवायचे, प्रश्नमंजुषा उरकायची आणि सर्टिफिकेट फाइलला लावायचं. मीही तेच केलं होतं. पुढे पहिलं प्रपोजल लिहायला बसलो तेव्हा सँपल साइजचं (अभ्यासात किती माणसं घ्यायची) आणि प्रोटोकॉल लिहिण्याचं लेक्चर परत शोधून, वही घेऊन, शांतपणे पाहिलं. कोर्स चांगला आहे हो. आपण तो वाईट रीतीने करतो.

मेथडॉलॉजी बरी आहे, प्रश्न डोक्यात आहे, पण कागदावर उतरत नाही किंवा उतरलेलं परत परत नाकारलं जातंय, असं असेल तर पुढे वाचा.

निवड करताना एकच प्रश्न विचारा

माझा ड्राफ्ट कोणी वाचणार आहे का?

आयोजकांना फोन करून हे सरळ विचारा. उत्तर ‘नाही, पण तज्ज्ञ मार्गदर्शन करतील’ असं आलं, तर ते व्याख्यान आहे. व्याख्यानाला जरूर जा, ओळखी होतात. पण पोहण्यावरचं भाषण ऐकून कोणी पोहायला शिकत नाही. उत्तर ‘हो, पण आधी एक पान पाठवावं लागेल’ असं आलं, तर रजेचा अर्ज त्याच दिवशी द्या.

हे माझं नुसतं मत नाही, अमेरिकेत यावर बरंच काम झालंय. तिथली बायोमेडिकल संशोधनाची सर्वांत मोठी सरकारी निधीदार म्हणजे एनआयएच. २०११ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. शिक्षण, अनुभव, आधीचे पेपर असं सगळं हिशेबात धरूनही कृष्णवर्णीय संशोधकांना एनआयएचची ग्रँट मिळण्याची शक्यता गोऱ्या संशोधकांपेक्षा सुमारे दहा टक्के-अंकांनी कमी होती. मोठी खळबळ माजली. त्यानंतर जे उपाय झाले त्यातला एक म्हणजे २०१४ मध्ये एनआयएचच्या पैशांतून उभं राहिलेलं राष्ट्रीय मेंटॉरिंग नेटवर्क, ज्याला तिकडे एनआरएमएन म्हणतात. ग्रँट लिहायला शिकवणारे गट हा त्याचा महत्त्वाचा भाग होता. नॉर्थवेस्टर्न, मिनेसोटा अशा विद्यापीठांनी आपापल्या पद्धतीने ते गट चालवले, पण गाभा सारखाच. चार-सहा जणांचा लहान गट, त्याला एक मुरलेला कोच, सुरुवातीला एकत्र भेट आणि मग काही महिने व्हिडिओ कॉलवर एकमेकांचे ड्राफ्ट वाचणं. प्रत्येकाच्या हातात खरं, लवकरच जमा करायचं प्रपोजल. ‘समजा तुम्ही एक प्रपोजल लिहिताय’ असला खेळ नाही.

म्हणजे आपल्या भजनी मंडळासारखं. बुवा एकच, पण सूर सगळ्यांनी लावायचा आणि चुकला की तिथल्या तिथे सांगायचं.

आपल्याकडे कुठे काय मिळतं

पहिलं नाव इंडिया अलायन्सचं. केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग (डीबीटी) आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांनी २००८-०९ मध्ये मिळून सुरू केलेली ही व्यवस्था, कार्यालय हैदराबादला. त्यांच्या फेलोशिप मोठ्या आणि चुरशीच्या आहेत, पण फेलोशिप नको असली तरी त्यांच्या सायन्स कम्युनिकेशनच्या कार्यशाळा बघा. प्रपोजल आणि पेपर लिहिणं हाच त्यांचा विषय असतो. डॉक्टरांमधून संशोधक घडावेत म्हणून ते वेगळ्या कार्यशाळाही घेतात. ओपीडी सांभाळून संशोधन करणाऱ्याच्या अडचणी त्यांना समजावून सांगाव्या लागत नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं.

बंगळूरूचं इंडिया बायोसायन्स हे दुसरं. प्रयोगशाळेतल्या जीवशास्त्रज्ञांसाठी जास्त उपयोगी. नव्याने लॅब सुरू करणाऱ्यांसाठी त्यांचं ‘यंग इन्व्हेस्टिगेटर्स मीटिंग’ २००९ पासून भरतंय. तिथे निधी देणाऱ्या संस्थांचे अधिकारी प्रत्यक्ष भेटतात. ज्या अधिकाऱ्याला मेल करायला आपण चार दिवस कचरतो, तो चहाच्या रांगेत आपल्या पुढेच उभा असतो.

जिल्ह्याच्या ठिकाणी आहात, प्रवास जमत नाही, पैसे नाहीत, तर ऑथरएड. विकसनशील देशांतल्या संशोधकांसाठी चालणारा हा उपक्रम २००७ पासून आहे. ऑनलाइन कोर्स मोफत, त्यात प्रपोजल लिहिण्याचाही असतो, आणि मेंटॉर जोडून देण्याचीही सोय आहे. मेंटॉर तुमच्या विषयातलाच हवा हा हट्ट धरू नका. विषयाबाहेरच्या माणसाला कळलं नाही म्हणजे तुमचं वाक्य फसलं, इतकी साधी चाचणी मिळते.

पुण्यातल्यांसाठी आणखी एक वाट. बी. जे. मेडिकल कॉलेज आणि अमेरिकेचं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ यांचं एचआयव्ही-टीबीवरचं सहकार्य जुनं आहे आणि त्यात एनआयएचच्या फोगर्टी केंद्राच्या निधीतून संशोधक घडवण्याचं कामही झालंय. असं सहकार्य जिथे चालतं तिथे प्रपोजल लिहून मिळवलेली माणसं आसपास असतात. त्यांच्या सेमिनारना जाऊन बसा, कोणी हाकलत नाही.

एका प्रकारापासून मात्र लांब राहा. ‘आम्ही तुमचं प्रपोजल लिहून देतो’ म्हणणाऱ्या एजन्सी. पैसे जातात ते जातातच, शिवाय मुलाखतीला तुम्हीच उभे असता. “कंट्रोल गट असा का निवडला?” या प्रश्नाला एजन्सीचा माणूस उत्तर द्यायला येत नाही. चॅटबॉटकडून अख्खं प्रपोजल उतरवून घेणाऱ्यांनाही हेच लागू. तशा अर्जांचा पूर यायला लागल्यावर एनआयएचने २०२५ च्या सप्टेंबरपासून नियम केला: मुख्यतः एआयने लिहिलेला अर्ज अर्जदाराचा स्वतःचा मानला जाणार नाही, आणि एका प्रमुख संशोधकाचे वर्षाला सहापेक्षा जास्त अर्ज घेतले जाणार नाहीत.

जाण्याआधी: एक पान

आता खरं काम. वर्कशॉपच्या किमान तीन आठवडे आधी एक पान लिहा. एनआयएचच्या अर्जात ‘स्पेसिफिक एम्स’ नावाचं एक पान असतं. त्यांच्या आर०१ या मुख्य ग्रँटमध्ये पुढचा संशोधन आराखडा बारा पानांचा, पण तो वाचायचा कसा हे त्या एका पानावर ठरतं. आपल्या आयसीएमआर-डीबीटीच्या फॉर्ममध्ये रकाने वेगळे असले तरी हे पान आधी लिहून ठेवलं की रकाने भराभर भरतात.

पानावर चारच गोष्टी. त्रास काय आहे आणि कोणाला. आजवर काय कळलंय आणि नेमकी फट कुठे आहे. मी काय करणार. आणि झालं तर काय बदलेल.

उदाहरण घेऊ. गडचिरोली, नंदुरबार, चंद्रपूर भागात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे हे आपल्याला ठाऊक आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशनही सुरू केलंय. नवखा माणूस उद्दिष्ट असं लिहितो:

‘विदर्भातील सिकलसेल रुग्णांच्या आरोग्यविषयक समस्या व जीवनमानाचा सर्वंकष अभ्यास करणे.’

या वाक्यात चूक अशी काही नाही, आणि तीच अडचण आहे. ‘सर्वंकष’ हा शब्द दिसला की रिव्ह्यूअर, म्हणजे प्रपोजल तपासणारा तज्ज्ञ, पेन उचलतो. हेच बघा (हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलवरचं औषध):

‘हायड्रॉक्सियुरिया सुरू केलेल्या १२ ते १८ वयाच्या रुग्णांपैकी किती जण पहिल्या सहा महिन्यांत गोळ्या सोडतात, आणि कोणत्या कारणाने, हे जिल्हा रुग्णालयाच्या सिकलसेल ओपीडीत नोंदवणे.’

आता कोण, कुठे, काय, किती काळ, सगळं सापडलं. पुढच्या टप्प्यात आशाताईंच्या महिन्याच्या भेटीने गोळ्या सोडण्याचं प्रमाण कमी होतं का, हे दुसरं उद्दिष्ट होऊ शकतं. दोन पुरे. फार तर तीन. माझ्या पहिल्या नाकारलेल्या प्रपोजलमध्ये पाच होती आणि पाचव्यात एक मोबाइल ॲपही होतं.

इंग्रजीची भीती वाटत असेल तर हे पान आधी मराठीत लिहा. खरंच. मराठी माध्यमातून आलेल्या कितीतरी हुशार मुलांना वाटतं की इंग्रजी कच्चं म्हणून प्रपोजल नाकारलं. नाकारलेल्या प्रपोजलवरचे शेरे मी बरेच वाचलेत. इंग्रजीबद्दल क्वचित काही असतं. प्रश्न धूसर, सँपल साइजला आधार नाही, आवाका फार मोठा, हेच पुन्हा पुन्हा.

जाण्याआधी: अर्ध्या तासाचं गणित

वरचंच उदाहरण पुढे नेऊ. समजा, तुमच्या अंदाजाने ४० टक्के मुलं गोळ्या सोडतात आणि हा आकडा तुम्हाला अधिक-उणे ७ टक्क्यांच्या अचूकतेने, ९५ टक्के खात्रीने हवाय. नेहमीचं सूत्र: १.९६ चा वर्ग, गुणिले ०.४, गुणिले ०.६, भागिले ०.०७ चा वर्ग. उत्तर येतं १८९. दहा टक्के मुलं मधेच हातातून निसटतील असं धरलं तर २१०.

इथवर सगळे येतात. बायोस्टॅटिस्टिक्सवाल्या मॅडमनी करून दिलं, कॉपी-पेस्ट केलं, संपलं. पण आता ओपीडीचं रजिस्टर उघडा. गेल्या वर्षी या वयाचे किती रुग्ण नव्याने हायड्रॉक्सियुरियावर आले? समजा महिन्याला आठ. प्रोजेक्ट दोन वर्षांचा. प्रत्येकाला सहा महिने बघायचंय, म्हणजे भरती पहिल्या अठरा महिन्यांतच संपायला हवी. अठरा गुणिले आठ, १४४. तुम्हाला हवेत २१०.

हे गणित रिव्ह्यूअर अर्ध्या मिनिटात करतो. तुम्ही अर्ज टाकायच्या आधी केलंत तर मार्ग निघतात: दुसरं रुग्णालय जोडा, मुदत तीन वर्षांची मागा, किंवा अचूकता थोडी सैल करा. आणि ‘गेल्या वर्षीच्या रजिस्टरनुसार’ ही तीन शब्दांची नोंद प्रपोजलमध्ये टाका. या माणसाने आपली ओपीडी पाहिली आहे, हे त्यातून कळतं. मोठमोठ्या संदर्भयादीने ते कळत नाही.

सोबत तीन कागद घेऊन जा. ज्या कॉलसाठी, म्हणजे अर्ज मागवणाऱ्या जाहिरातीसाठी, लिहिताय त्याची पूर्ण सूचना, छापून, पात्रतेच्या ओळी अधोरेखित करून. वयाची किंवा नोकरीच्या प्रकाराची अट नजरेतून सुटून आख्खं प्रपोजल बाद झालेले लोक मला माहीत आहेत. दुसरा, कोणा सीनियरकडून मागून घेतलेलं मंजूर झालेलं प्रपोजल. देत नाहीत? एनआयएचच्या ॲलर्जी आणि संसर्गजन्य रोगांच्या संस्थेने, म्हणजे एनआयएआयडीने, मंजूर झालेले काही खरे अर्ज आणि त्यांवरचे रिव्ह्यूअरांचे अभिप्राय आपल्या साइटवर सगळ्यांसाठी खुले ठेवलेत. विषय वेगळा असला तरी बांधणी बघायला मिळते. तिसरा कागद, जमलं तर, एखादं नाकारलेलं प्रपोजल शेऱ्यांसकट. ते मागायला जरा मैत्री लागते.

तिथे गेल्यावर

चांगल्या वर्कशॉपचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे मॉक रिव्ह्यू. तुम्हाला इतरांची प्रपोजल देतात आणि गुण द्यायला सांगतात. बऱ्याचदा एनआयएचची पद्धत उचललेली असते: १ म्हणजे उत्तम, ९ म्हणजे वाईट. तिकडच्या समितीत प्रत्येक अर्ज साधारण तीन जण बारकाईने वाचतात आणि आधीच गुण देतात. सुरुवातीच्या गुणांवर खालच्या अर्ध्यात पडलेल्या अर्जांवर बैठकीत बहुधा चर्चाच होत नाही. तुमचं सगळं भवितव्य त्या तिघांच्या वाचनावर. २०२५ च्या जानेवारीपासून त्यांनी बऱ्याचशा अर्जांचे निकष तीन गटांत बसवलेत: काम महत्त्वाचं आहे का, ते काटेकोर आणि करण्याजोगं आहे का, आणि करणारी माणसं-साधनं पुरेशी आहेत का. आपल्याकडच्या मुलाखतीतही प्रश्न फिरून याच तीन निकषांवर येतात.

मॉक रिव्ह्यूमध्ये मला सहा प्रपोजल दिली होती. रात्री हॉटेलच्या खोलीत वाचायला बसलो. पहिलं मन लावून वाचलं. तिसऱ्याला चहा गार झाला होता. पाचव्याची पार्श्वभूमी मी वाचलीच नाही, थेट उद्दिष्टांवर गेलो, ती सापडेनात म्हणून चिडलो आणि ६ दिले. मग लक्षात आलं, माझ्या प्रपोजलवर कोणीतरी असंच रात्री साडेअकराला चिडलं असणार.

तुमच्या ड्राफ्टवर चर्चा सुरू झाली की बोलू नका. हे सगळ्यांत अवघड आहे. “सर, माझं म्हणणं असं होतं की…” हे वाक्य ओठावर येतंच. गिळा. रिव्ह्यूअरच्या टेबलावर तुम्ही नसता, कागद असतो. शेजारच्याला सांगून ठेवा, तो तुमच्यासाठी टिपणं घेईल. आपल्या टीकेची टिपणं आपण नीट घेत नाही. शेवटी एखाद्याला विनंती करा की पान उलटं ठेवून, मी काय करणार आहे ते तुमच्या शब्दांत सांगा. जे तो सांगेल, तेच तुम्ही लिहिलंय. डोक्यात काय होतं याला अर्थ नाही.

जेवणाच्या सुट्टीत फोन नंबर घ्या, पण सगळ्यांचे नको. ज्या दोघा-तिघांनी तुमचा ड्राफ्ट खरोखर वाचला त्यांचे.

परत आल्यावर

आठवड्याभरात त्या दोघा-तिघांचा कॉल लावा. दर पंधरा दिवसांनी, एका वेळी एकाचाच ड्राफ्ट, पाऊण तास. आमचा गट चार जणांचा होता, त्यातला एक तिसऱ्या कॉलनंतर गळला. उरलेले तिघे अजून एकमेकांचं वाचतो.

मग डेडलाइनपासून उलटं मोजा. लिहिण्यापेक्षा कागदपत्रं जास्त वेळ खातात आणि हे वर्कशॉपमध्ये कोणी नीट सांगत नाही. एथिक्स कमिटी कधी बसते? आमच्याकडे ती दोन महिन्यांनी बसते आणि पंधरा दिवस आधी फाइल लागते. आयसीएमआरची २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वं समोर ठेवूनच प्रोटोकॉल लिहा. संमतीपत्र मराठीत हवंच. गडचिरोलीत काम असेल तर गोंडी-माडियात तोंडी समजावण्याची सोयही लिहा. क्लिनिकल ट्रायल असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे क्लिनिकल ट्रायलच्या राष्ट्रीय नोंदवहीत, नोंदणी, ही २००९ पासून सक्तीची आहे. परदेशी संस्था किंवा परदेशी पैसा असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग समितीची मंजुरी लागते, तिचा वेळ वेगळा धरा. को-पीआयच्या, म्हणजे सहसंशोधकांच्या, सह्या. डीन साहेबांची सही, आणि साहेब नेमके त्या आठवड्यात इन्स्पेक्शनमध्ये.

बजेट हा शेवटच्या रात्री भरायचा रकाना नाही. प्रत्येक आकड्यापुढे एक ओळीचं कारण लिहा. फील्डवर जाणारा माणूस महिन्याला किती गावं, किती किलोमीटर, कशाने जाणार? बाइकने जाणार असेल तर भाड्याच्या गाडीचे पैसे मागू नका. आणि फार कमीही मागू नका. स्वस्तात करतो म्हटलं की मंजूर होईल असं वाटतं, पण रिव्ह्यूअरला वाटतं याला खर्चाचा अंदाजच नाही.

पोर्टलवर खातं आजच उघडा. शेवटच्या संध्याकाळी पीडीएफ मर्यादेपेक्षा मोठी निघते, ओटीपी येत नाही, आणि साइट गोल गोल फिरत बसते. दोन दिवस आधी सबमिट करायचं, हा नियम मी एकदा मोडलाय. दुसऱ्यांदा नाही.

नाही आलं तर

बहुधा पहिल्यांदा नाहीच येणार. एनआयएचमध्ये नाकारलेला अर्ज सुधारून ३७ महिन्यांच्या आत एकदा पुन्हा देता येतो, आणि त्यात शेऱ्यांना उत्तर देणारं एक पान जोडावं लागतं. आपल्याकडच्या कॉलमध्ये तशी सोय असो-नसो, ते पान स्वतःसाठी लिहाच.

पत्र आल्यावर तीन दिवस फाइल उघडू नका. चौथ्या दिवशी कागदाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे शेरा जसाच्या तसा, उजवीकडे मी काय बदलणार. माझ्या पत्रात पाच शेरे होते. चार पटले. पाचवा वाचून मी बायकोला म्हणालो, या माणसाने वाचलेलंच नाही, तुलनेचा गट दिलाय की मी. त्याच्यापुढे उजवीकडे काही लिहिलं नाही. वर्कशॉपच्या गटातल्या मैत्रिणीने ते पान पाहिलं, माझं प्रपोजल मागवलं आणि रात्री मेसेज केला: “दिलायस. पान नऊ, तळटीप.”